रोबोटिक बायपास: ठरवताना काय विचारायचं आणि आधी-नंतर काय करायचं

अँजिओग्राफीचा रिपोर्ट येतो, डॉक्टर सांगतात बायपास करावी लागेल, आणि हल्ली काही ठिकाणी त्याच बोलण्यात हेही सांगतात की तुमची रोबोटने होऊ शकेल, छातीचं हाड कापावं लागणार नाही. इथून पुढे घरात दोन तट पडतात. एकाला वाटतं मशीन स्वतःच हृदयाला टाके घालणार, नकोच ते, आणि दुसऱ्याला वाटतं रोबोट आहे म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. मी हार्ट सर्जरीच्या पेशंट्सची फिजिओथेरपी करते, म्हणजे ऑपरेशनच्या आधी श्वासाचे व्यायाम शिकवण्यापासून ते माणूस परत कामाला लागेपर्यंत ही मंडळी आणि त्यांच्या घरचे माझ्याशी बोलत असतात, आणि जे प्रश्न ते ऑपरेशननंतर दुखणं सोसत विचारतात त्यातले बरेचसे ठरवतानाच विचारायला हवे होते असं मला कायम वाटत आलंय. म्हणून हे लिहितेय. औषधांचे आणि ऑपरेशनचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि आपण काय तयारी करायची ते इथे मिळेल.

रोबोट नेमकं करतो काय

स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन ऑपरेशन थिएटरमध्येच, टेबलापासून थोड्या अंतरावर कन्सोलला बसतात, डोळ्यांसमोर छातीच्या आतलं थ्रीडी चित्र असतं, दहापटीपर्यंत मोठं केलेलं, आणि बोटं अडकवायला दोन कंट्रोल. ते बोटं हलवतील तशीच पेशंटच्या छातीतली बारीक अवजारं हलतात, हात थांबला की अवजारंही थांबतात. हाताची बारीकशी थरथर मशीन गाळून टाकतं, बाहेरची मोठी हालचाल आत छोटी करून पोचवतं, आणि अवजाराच्या टोकाला मनगटासारखा सांधा असल्यामुळे दोन बरगड्यांमधल्या छोट्याशा होलमधून आत जाऊनसुद्धा हवं तसं वळता येतं. टेबलाशी दुसरे सर्जन उभे असतात, भूलतज्ज्ञ असतात, नर्स असतात, आणि गरज पडली तर छाती उघडायची सगळी तयारी तिथेच मांडून ठेवलेली असते.

आता आतलं काम. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी जी मोठी रक्तवाहिनी आहे तिला डॉक्टर एलएडी म्हणतात, रिपोर्टमध्ये हा शब्द तुम्हाला दिसेलच, आणि तिच्यावर हृदयाचा बराच मोठा भाग अवलंबून असतो म्हणून तिथलं ब्लॉकेज सगळ्यात जास्त काळजीचं धरतात. छातीच्या हाडाच्या मागे डाव्या बाजूने वरून खाली येणारी दुसरी एक धमनी असते, तिला लिमा म्हणतात. ही लिमा छातीच्या भिंतीपासून अलगद सोडवायची, वरचं टोक आहे तसंच ठेवायचं आणि खालचं टोक ब्लॉकेजच्या पुढे एलएडीला शिवायचं. हा जोड नवा नाही. वासिली कोलेसोव यांनी १९६४ मध्ये लेनिनग्राडला तो धडधडत्या हृदयावर केला होता, १९६७ पासून रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पायाची शीर वापरून केलेली बायपास जगभर पसरली, आणि १९८६ मध्ये त्याच क्लिनिकच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की एलएडीला लिमा जोडलेले पेशंट फक्त पायाची शीर जोडलेल्यांपेक्षा जास्त वर्षं जगतात. १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या वर लिमा चालू सापडतात, पायाच्या शिरेचे जोड तेवढ्या काळात जवळपास निम्मे बंद किंवा खराब झालेले असतात. रोबोट या कामात १९९८ च्या सुमारास आला, पॅरिसमध्ये.

हे सगळं सांगायचं कारण असं की रोबोटिक बायपासमध्ये मुख्यतः मिळतो तो हाच जोड, लिमा आणि एलएडीचा, रोबोटमुळे फक्त तिथपर्यंत जायची वाट बदलते. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न रोबोटबद्दल विचारूच नका. पहिला प्रश्न असा विचारा की मला एकूण किती जोड लागतात आणि त्यातले किती या वाटेने होणार आहेत. रोबोट वापरायचा म्हणून तीनऐवजी एकच जोड करायचा आणि बाकीची ब्लॉकेज तशीच सोडायची असं होता कामा नये, या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त जोर देईन.

कुठल्या प्रकारची रोबोटिक, हे विचारून घ्या

रोबोटिक बायपास म्हणून जे सांगतात त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. सगळ्यात जास्त होते ती अशी, की छातीच्या डाव्या बाजूला तीन छोटी होल पाडून रोबोटने लिमा सोडवतात, मग स्तनाच्या खाली किंवा बाजूला दोन बरगड्यांमधून साधारण ४ ते ६ सेंटिमीटरचा काप घेऊन तिथून सर्जन स्वतःच्या हाताने जोड शिवतात. हृदय चालूच असतं, जिथे शिवायचं तेवढाच भाग एका स्टॅबिलायझरने स्थिर धरून ठेवतात, आणि हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं बाहेरून करणारं हार्ट-लंग मशीन बहुतेक वेळा लागतच नाही. दुसरा प्रकार म्हणजे जोडसुद्धा होलमधूनच, रोबोटनेच शिवायचा, बरगड्यांमध्ये मोठा काप घ्यायचाच नाही. हे फार कौशल्याचं काम आहे आणि मोजक्याच टीम ते नेहमी करतात. तिसरा प्रकार हायब्रिड, एलएडीला रोबोटिक लिमा आणि उरलेल्या नसांना स्टेंट, कधी त्याच दिवशी पण बरेचदा काही दिवसांच्या अंतराने. हायब्रिड असेल तर आधी काय आणि नंतर काय, मधल्या काळात न उघडलेल्या ब्लॉकेजचं काय, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी सुरू होणार हे तिन्ही विचारून लिहून ठेवा, कारण इथे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट अशी दोन वेगळी माणसं काम करणार असतात आणि दोघांकडून ऐकलेलं घरच्यांच्या डोक्यात सरमिसळ होतं. शक्य असेल तर दोघांना एकत्र भेटा.

कुणाला ही वाट चालत नाही

ऑपरेशन चालू असताना डाव्या फुफ्फुसाची हवा काढून ते खाली बसवून ठेवतात, कारण त्याशिवाय आत जागाच होत नाही, आणि श्वास सगळा उजव्या फुफ्फुसावर चालवतात, शिवाय छातीत कार्बन डायऑक्साइड भरून थोडी जागा वाढवतात. म्हणजे ज्यांची फुफ्फुसं आधीच खराब आहेत, वर्षानुवर्षं सिगारेट झालीय, सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद झाल्याचा जुना आजार आहे, त्यांना हे झेपेलच असं नाही. डाव्या छातीचं आधी ऑपरेशन झालंय, टीबी किंवा न्यूमोनियानंतर फुफ्फुस भिंतीला चिकटलंय, छातीला रेडिएशन दिलंय, या सगळ्यात अडचण येते, त्यामुळे जुना आजार कितीही वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा. एलएडी काही जणांच्या बाबतीत हृदयाच्या स्नायूत खोल गेलेली असते किंवा फार बारीक आणि कॅल्शियमने कडक झालेली असते, मग छोट्या कापातून शिवणं धोक्याचं होतं. हार्ट अटॅक चालू आहे, बीपी टिकत नाहीये, हृदयाचं पंपिंग फारच कमी आहे अशा वेळी सर्जन बहुतेक ओपनच, म्हणजे छातीचं हाड कापून करायची नेहमीची बायपासच, निवडतील आणि तेच बरोबर असतं. खूप जास्त वजन हीसुद्धा अडचण होऊ शकते.

एक गोष्ट पेशंट कधी सांगत नाहीत कारण त्यांना तिचा संबंधच लक्षात येत नाही. लिमा जिथून निघते ती रक्तवाहिनी डाव्या हातालाही रक्त देते, म्हणून दोन्ही हातांचं बीपी मोजून घ्या, आणि डाव्या हाताचं बरंच कमी येत असेल, १५-२० चा फरक असेल, तर ते सर्जनच्या कानावर घाला. डाव्या हाताला डायलिसिससाठी फिस्चुला केलेला असेल तर तेही आवर्जून सांगा.

तुम्हाला ही पद्धत बसत नाही असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका आणि दुसऱ्या कुणीतरी हो म्हणेपर्यंत फिरत बसू नका. दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत जरूर घ्या, ते घ्यायलाच हवं, पण ओपन बायपास हे उत्तम आणि दशकानुदशकं तपासलेलं ऑपरेशन आहे आणि तीन-चार जोड लागणाऱ्या पुष्कळ लोकांसाठी आजही तेच पहिलं उत्तर आहे.

सर्जनना विचारायचे प्रश्न

संकोच करू नका, चांगले सर्जन या प्रश्नांवर रागावत नाहीत. तुमच्या टीमने अशा किती केल्यात आणि सध्या महिन्याला किती होतात? मशीन कुठल्या कंपनीचं आणि किती नवीन यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं, कारण रोबोटिक बायपास शिकायला वेळ लागतो आणि ती एकट्या सर्जनची गोष्टच नाही, भूलतज्ज्ञ, टेबलाशी उभे असणारे सहकारी, नर्स या सगळ्यांचा हात बसलेला असावा लागतो. मध्येच छाती उघडायची वेळ तुमच्याकडे किती जणांवर येते, आणि ती कशामुळे येते? ही वेळ येऊ शकते हे संमतीच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं आणि तुम्ही तो वाचूनच सही करा, रक्तस्राव, चिकटलेलं फुफ्फुस, नस सापडत नाही, बीपी पडतंय अशी कारणं असतात, आणि तसा निर्णय घेतला म्हणजे ऑपरेशन फेल गेलं असं समजू नका, पेशंटला सुरक्षित ठेवायला घेतलेला निर्णय असतो तो. जोड नीट चालतोय हे टेबलावरच तपासता का, हेही विचारा, जोडातून रक्त किती वाहतंय ते मोजायचं एक मशीन असतं, आणि काही ठिकाणी नंतर अँजिओग्राफी करूनही बघतात. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि ओपन करावी लागली तर त्यात काय बदलेल तेही त्यातच लिहून घ्या, विमा असेल तर रोबोटचा भाग त्यात बसतो का हे ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीला विचारा.

आणि हा प्रश्न मुद्दाम शेवटी सांगतेय, माझ्या जागी तुमचे वडील किंवा बहीण असती तर तुम्ही काय केलं असतं? बहुतेक डॉक्टर याचं खरं उत्तर देतात.

तपासण्या आणि गोळ्या

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीचा सीटी, फुफ्फुसांची क्षमता बघायची टेस्ट, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, रक्ताच्या तपासण्या, किडनी, तीन महिन्यांची सरासरी शुगर, हे साधारण सगळीकडे होतं. अँजिओग्राफीची सीडी जपून ठेवा, नुसता कागदी रिपोर्ट सर्जनना पुरत नाही, त्यांना नस स्वतः बघायची असते.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र फार सावध राहा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस, पण हे आकडे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, गेल्या काही महिन्यांत स्टेंट टाकलेला असेल तर अचानक बंद केल्याने तो स्टेंट बंद पडून जिवावर बेतू शकतं. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन आणि बीटा ब्लॉकरही चालूच असतात. डायबेटिसच्या गोळ्यांपैकी ज्यांची नावं ग्लिफ्लोझिनने संपतात, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्या ३-४ दिवस आधी थांबवाव्या लागतात कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं आणि शुगर नॉर्मल दिसत असल्यामुळे ते पटकन लक्षातही येत नाही. या गोळ्या हृदयासाठी म्हणूनही देतात, त्यामुळे डायबेटिस नसला तरी तुमच्या यादीत असू शकतील. सगळ्यात सोपं म्हणजे घरातल्या एकूण एक गोळ्या, आयुर्वेदिक, व्हिटॅमिन, दुखण्याच्या, सगळ्या एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा आणि कुठली कधी बंद आणि कधी परत सुरू हे त्यांच्याकडून तारखेनिशी लिहून घ्या.

दाढ दुखतेय, लघवीला जळजळ आहे, सर्दी-खोकला झालाय, कुठे फोड किंवा जखम आहे, हे लपवू नका. तारीख पुढे जाईल या भीतीने लोक गप्प राहतात. इन्फेक्शन अंगात असताना ऑपरेशन करण्यापेक्षा ठणठणीत होऊन आठवडाभर उशिरा केलेलं चांगलं, अर्थात थांबणं सुरक्षित आहे का हे डॉक्टरच ठरवतील. आणि अंगावरचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक जखमा होऊन त्यातून इन्फेक्शन होतं, हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात.

श्वासाचे व्यायाम आजपासून

हा माझा विषय, म्हणून जरा लांबेल. डावं फुफ्फुस काही तास बसवून ठेवलेलं असतं ते ऑपरेशननंतर परत पूर्ण फुलवायचं असतं, आणि नेमकी त्याच बाजूला जखम असल्यामुळे माणूस दुखतं म्हणून वरवरचा श्वास घेतो, खोकत नाही, मग खालच्या भागात कफ साठतो, तो भाग फुलत नाही, ताप येतो, कधी न्यूमोनियापर्यंत जातं. हे टाळायचं काम पेशंटच्याच हातात आहे आणि ते आधी शिकलेलं असेल तरच नंतर जमतं, भूल उतरताना नवीन काही डोक्यात शिरत नाही.

स्पायरोमीटर आणा, तीन बॉलवालं मिळतं. त्यात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा असतो, ही चूक इतके लोक करतात की मी प्रत्येकाकडून समोर करून घेते. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट लावा, हळू आणि लांब ओढा, बॉल वर टिकवून ३ ते ५ सेकंद धरा, मग सोडा. झटक्यात तिन्ही बॉल उडवण्यात काही फायदा नाही, पहिले दोन हळू वर नेऊन टिकवलेले जास्त कामाचे. एका वेळी दहा, चक्कर आल्यासारखं वाटलं तर मध्ये थांबायचं, आणि ऑपरेशननंतर जागे असाल तेव्हा दर तासाला. आधीच्या काळात दिवसातून चार-पाच वेळा पुरे.

खोकायची पद्धतही शिकून घ्या. डाव्या बाजूला जिथे काप येणार तिथे छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी दाबून धरायचा, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि मग खोकायचं, नाहीतर तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडतो तसा जोरात हा करायचा, कफ सुटतो आणि दुखतं कमी. टाके तुटतील ही भीती प्रत्येकाला असते, तसे खोकल्याने ते तुटत नाहीत. सिगारेट, तंबाखू आजच बंद, चार आठवडे आधी सुटली तर फुफ्फुसांना चांगला फायदा होतो पण तेवढे दिवस हातात नसले तरी आज बंद करणं कधीही चांगलंच.

छातीत दुखत नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर रोज थोडं सपाटीवर चाला, पण इथे मर्यादा पाळा, दुखलं किंवा धाप लागली की थांबा आणि कळवा.

ऑपरेशनचा दिवस आणि आयसीयू

सहसा जड खाणं ६ ते ८ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितलंय तेच पाळा. खोटे दात, दागिने, नेलपॉलिश काढून ठेवा. घरच्यांनी हे लक्षात ठेवा की पेशंटला आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंतचा वेळ म्हणजे फक्त ऑपरेशनचा वेळ नसतो, दोन्ही फुफ्फुसं वेगळी चालवता येतील अशी खास नळी बसवणं, लाइन्स म्हणजे रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या टाकणं, रोबोट जुळवणं यातच बराच वेळ जातो, त्यामुळे सांगितल्यापेक्षा तास-दोन तास उशीर झाला तर लगेच वाईट अर्थ काढू नका.

आयसीयूत पहिल्यांदा बघाल तेव्हा गळ्यात लाइन, हाताला धमनीची लाइन, लघवीची नळी, डाव्या बाजूला छातीतून निघालेली ड्रेनची नळी आणि तिच्या डब्यात लालसर पाणी, हे सगळं असणारच आहे. श्वासाची नळी काही ठिकाणी टेबलावरच काढतात, काही ठिकाणी काही तासांनी. ड्रेन साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघतो आणि तो निघाला की श्वास घेणं एकदम सोपं होतं असं सगळेच सांगतात.

दुखण्याबद्दल खरं सांगते, कारण जाहिरातीत हे येत नाही. हाड कापलेलं नसलं तरी बरगड्यांमधून जाताना तिथल्या संवेदनेच्या नसा, म्हणजे नर्व्ह, दुखावतात आणि पहिले दोन-तीन दिवस हे दुखणं चांगलंच जाणवतं, काही वेळा ओपनवाल्या पेशंटपेक्षा जास्त. फरक पुढे दिसतो, ते लवकर उतरतं आणि हाड जुळायची वाट बघावी लागत नाही. म्हणून दुखणं सहन करून मोठेपणा मिळवायचा नाही, गोळी वेळेवर मागून घ्यायची, नर्सला १० पैकी किती दुखतंय ते सांगायचं, कारण दुखणं आटोक्यात असेल तरच तुम्ही खोकाल आणि चालाल. जखमेजवळ इंजेक्शनने नस बधिर करायची सोय असते का हेही आधीच विचारून ठेवा. डाव्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, कपडा लागला तरी चुरचुरणं हे काही आठवडे, कधी काही महिने राहू शकतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्चीत बसवतो, बहुतेकांना थोडं चालवतोही. उठताना उजव्या कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि उजव्या हाताने रेटा देत उठा. डावा हात अंगाशी धरून ठेवायची सवय लागते, ती मोडा, दिवसातून तीन-चार वेळा खांदा हळूहळू वर न्या, गोल फिरवा, नाहीतर हृदय बरं होतं आणि खांदा आखडून बसतो.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांचे ठोके अचानक अनियमित आणि जोरात पडायला लागतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. बायपासनंतर हे खूप कॉमन आहे, एकूण सगळ्या बायपासचा विचार केला तर २० ते ४० टक्के लोकांना होतं, मॉनिटरवर लगेच कळतं आणि बहुतेकांचं औषधांनी जागेवर येतं. घाबरून जाण्यासारखं नाही पण धडधड जाणवली तर लपवू नका.

घरी आल्यावर

सगळं सुरळीत असेल तर साधारण ३ ते ५ दिवसांत घरी सोडतात. पहिला आठवडा थकवा खूप असतो, बाहेरून जखम छोटी दिसते म्हणून घरच्यांना आणि स्वतः पेशंटलाही वाटतं की आता काहीच झालेलं नाही, आणि मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागते. ती थोपवा. आत हृदयावर ऑपरेशन झालंय, ते तेवढंच मोठं आहे. रोज दोन-तीन वेळा छोटं-छोटं चालायचं, ५ मिनिटांपासून सुरू करून दर एक-दोन दिवसांनी थोडं वाढवायचं, चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय इतकाच वेग. ओपनमध्ये छातीचं हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने वजन उचलायला बंदी असते, इथे बरेच जण २ ते ४ आठवड्यांत रोजच्या कामाला लागतात, पण जड उचलणं, जोरात ढकलणं-ओढणं हे सर्जनने हो म्हटल्यावरच. गाडी चालवायची तर झोप आणणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या बंद झालेल्या असाव्यात, मान आणि खांदा मोकळे वळावेत आणि तपासणीत डॉक्टरांनी परवानगी दिलेली असावी. लैंगिक संबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि मनात मात्र असतं, साधा अंदाज असा की दोन जिने बऱ्यापैकी वेगाने चढून छातीत दुखलं नाही, फार धाप लागली नाही तर हृदयाला ते झेपतं, तरी एकदा डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, जोर करण्यापेक्षा औषध मागून घ्या. आणि दोन-तीन आठवड्यांनी उगाच रडू येणं, झोप न लागणं, कशातच मन न लागणं हे हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, ते आपोआप गेलं नाही तर त्यालाही उपचार आहेत.

लगेच फोन करायच्या गोष्टी फ्रिजवर चिकटवून ठेवा: ताप ३८ सेल्सिअसच्या वर, जखमेतून पू किंवा वाढती लाली, वाढत जाणारी धाप किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, ठोके अनियमित, एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं. डाव्या बाजूला फुफ्फुसाभोवती पाणी साठू शकतं किंवा श्वासाच्या पडद्याची नर्व्ह दुखावलेली असू शकते, त्यामुळे धाप कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. छातीत आधीसारखं दाबल्यासारखं दुखणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं, यात फोन डॉक्टरांना न करता थेट ॲम्ब्युलन्सला.

गोळ्या, रिहॅब आणि ती फाइल

जोड नवा लागला तरी नसा खराब करणारा आजार अंगात तसाच असतो. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन बहुतेकांना कायमची, बीपी आणि शुगरची औषधं गरजेप्रमाणे, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल बहुतेक कार्डिओलॉजिस्ट ७० च्या खाली आणि बऱ्याच जणांसाठी ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. हायब्रिडमध्ये स्टेंटही बसलाय तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, बरेचदा वर्षभरापर्यंत, आणि त्या काळात दात काढायचा असला तरी आधी कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही. कार्डियाक रिहॅब उपलब्ध असेल तर नक्की जा, देखरेखीखाली व्यायाम केल्याने पुन्हा ॲडमिट व्हायची शक्यता कमी होते, आणि बरं वाटायला लागलं की लोक नेमकं हेच सोडतात.

डिस्चार्जच्या दिवशी नुसती समरी घेऊन निघू नका, ऑपरेशन नोट मागून घ्या, त्यात कुठली धमनी कुठे जोडली, किती जोड, कुठल्या पद्धतीने, हे लिहिलेलं असतं. त्याचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. छातीवर मधोमध लांब व्रण नसल्यामुळे पुढे कधी इमर्जन्सीत नेलं तर समोरच्या डॉक्टरांना तुमची बायपास झालीय हे बघून कळणारच नाही. अँजिओग्राफी परत करायची वेळ आली तर डाव्या बाजूची लिमा वापरलीय हे आधीच सांगा, त्यावरून ते तुमच्या कुठल्या हातातल्या रक्तवाहिनीतून आत जायचं ते ठरवतात, आणि डाव्या छातीवर किंवा फुफ्फुसावर दुसरं कुठलंही ऑपरेशन निघालं तर ही नोट त्या सर्जनच्या हातात पहिल्या भेटीतच द्या.